घरचा अभ्यास : मिशनचं गाठोडं



दरवर्षी या सदरात मुलांच्या अभ्यासातलं काहीतरी घेऊन मी तुमच्यासमोर बसते. यंदाचा विषय वाचून काही आज्या कपाळाला हात लावतील, पण शेवटपर्यंत वाचा एवढीच विनंती. यंदाचा विषय आहे कॉम्प्युटर गेम, आणि त्यातही त्या गेमच्या पोटातल्या फायली.

आपल्या बहुतेक घरांत गेमवरून होणारं भांडण दोनच वाक्यांचं असतं. एका बाजूनं "बंद कर आता", दुसऱ्या बाजूनं "पाचच मिनिटं". गोष्टीचं पुस्तक मुलाच्या हातात देण्याआधी आपण चार पानं चाळतो. सिनेमा कसा आहे हे कोणाला तरी विचारतो. गेमचं मात्र दारातून जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच आपल्याला माहीत असतं. पण काही गेम असे आहेत की त्यांचा एकेक धडा उघडून वहीसारखा वाचता येतो, आणि थोडा सराव झाला की बदलताही येतो. आमच्या घरी गेलं वर्षभर हा उद्योग चालू आहे.

गेमचं नाव आर्मा ३. तो प्राग शहरातल्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्ह या कंपनीनं २०१३ साली आणला. त्याच कंपनीचा २००१ सालचा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट हा त्याचा पूर्वज. विषय सैन्याचा आणि गेम मोठ्या मुलांसाठीचा. तो अल्टिस नावाच्या बेटावर घडतो. हे बेट ग्रीसच्या लेम्नोस बेटावरून बेतलेलं आहे. २०१२ साली कंपनीचे दोन कर्मचारी लेम्नोसला गेले होते. लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या आरोपावरून त्यांना तिथं अटक झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये ते जामिनावर सुटून घरी परतले. नकाशा ही किती गंभीर वस्तू आहे हे यावरून कळावं. पुढे या लेखातही नकाशाच महत्त्वाचा ठरणार आहे.

या गेमचं वैशिष्ट्य म्हणजे तो बनवणाऱ्यांनी आपली हत्यारंही खेळणाऱ्यांच्या हाती दिली. गेमसोबतच एक एडिटर येतो. त्यात रिकाम्या बेटावर माणसं, गाड्या, झाडं, घरं मांडून आपला स्वतःचा प्रसंग रचता येतो. त्या प्रसंगाला मिशन म्हणतात. अशा फायली उघडून बदलणाऱ्यांची मजल कुठवर गेली ते सांगते. भारतात २०२० साली बंदी आलेला पब्जी सगळ्यांना आठवत असेल. तो ज्याच्या कल्पनेतून आला त्या ब्रेंडन ग्रीन यांनी सुरुवात केली ती आर्मा २ या गेममध्ये फेरफार करूनच. गावाकडच्या पारावर पोरं जो खेळ माना खाली घालून खेळत होती, त्याचं मूळ असं कोणीतरी उकललेल्या फायलींत आहे.

आमचे चिरंजीव चौदा वर्षांचे. मित्रानं एक मिशन पाठवलं आणि "खेळू का?" अशी विचारणा झाली. मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यामुळे माझ्याकडून जे उत्तर यायचं तेच आलं: आधी वाचायचं, मग खेळायचं. मिशन उघडून त्यात काय आहे ते मला दाखवायचं, समजावून सांगायचं, आणि पटलं तरच पुढे. कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत. हा नियम त्यानं कुरकुरत मान्य केला.

आता हे उघडायचं कसं ते सांगते, म्हणजे तुमच्याकडेही करून बघता येईल.

मिशन आपल्यापर्यंत येतं ते एकाच फाइलच्या रूपात. तिच्या नावाच्या शेवटी पीबीओ ही अक्षरं असतात. बोचक्यात कपडे बांधावेत तशा अनेक फायली एकात बांधलेल्या असतात. बोचक्याच्या तोंडाशी यादी: कोणती फाइल, किती मोठी, कधीची. यादीनंतर एकामागून एक सगळ्या फायली, आणि अगदी शेवटी वीस बाइटचा एक शिक्का, आतलं काही बिघडलं तर कळावं म्हणून. हे गाठोडं सोडण्यासाठी पीबीओ मॅनेजर नावाचा छोटा प्रोग्राम वापरतात. कंपनीनंही आर्मा ३ टूल्स नावाचा संच स्टीमवर फुकट ठेवला आहे. त्यात बँकरेव्ह नावाचं साधन हेच काम करतं. मूळ फाइलची एक प्रत बाजूला ठेवायची आणि मगच गाठ सोडायची. सुटलेल्या फोल्डरचं नाव नीट पाहा. नावाच्या शेवटी टिंब आणि बेटाचं नाव असतं, उदाहरणार्थ 'डॉट अल्टिस'. ते टिंब आणि बेट खोडलं की कोणत्या जमिनीवर उभं राहायचं हे मिशनला कळत नाही.

आत साधारण चार वस्तू सापडतात.

पहिली 'मिशन' नावाची, शेवटी एसक्यूएम. ही सगळ्यांत महत्त्वाची. प्रसंगातला प्रत्येक माणूस, प्रत्येक गाडी, नकाशावरची प्रत्येक खूण यात लिहिलेली असते. दुसरी 'डिस्क्रिप्शन', शेवटी ईएक्सटी. तिच्यात मिशनचं नाव, ते करणाऱ्याचं नाव, सुरुवातीचं चित्र, वापरायचे आवाज. तिसरी 'इनिट', शेवटी एसक्यूएफ. मिशन सुरू होताच काय काय घडावं याच्या आज्ञा यात. चौथी 'स्ट्रिंगटेबल'. पडद्यावर दिसणारी वाक्यं वेगवेगळ्या भाषांत एकाखाली एक. ही चौथी वस्तू सगळ्या मिशनांत असतेच असं नाही.

या सगळ्या साध्या नोटपॅडमध्ये उघडतात. एक अडचण येऊ शकते. कधी कधी पहिली फाइल उघडल्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसते. फाइल लहान व्हावी आणि लवकर उघडावी म्हणून ती यंत्राच्या भाषेत साठवलेली असते. अशा वेळी ते फोल्डर गेमच्या मिशन फोल्डरमध्ये ठेवून एडिटरमध्ये उघडायचं, सेटिंगमधली बायनराइझची खूण काढायची आणि पुन्हा सेव्ह करायचं. मग अक्षरं वाचता येतात.

माझ्यासारख्या व्याकरणवाल्या बाईला ही फाइल वाचताना फार मजा आली. महिरपी कंस उघडला की बंद झालाच पाहिजे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम हवाच. आपल्या वहीत अर्धविराम राहिला तर फार तर लाल खूण मिळते. इथं एक अर्धविराम राहिला आणि सगळं मिशन उघडायचं थांबलं. चिरंजीवांनी तो शोधायला पाऊण तास घेतला. त्यानंतर त्याच्या शाळेच्या निबंधातली विरामचिन्हं सुधारली, हे मी शिक्षिका म्हणून नोंदवते. दुसरी गंमत हजेरीपटासारखी. एका गटात बारा नोंदी असतील तर वर 'आयटेम्स बरोबर बारा' असं लिहिलेलं असतं. हातानं एक नोंद काढली तर वरचा आकडा अकरा करावा लागतो आणि खालचे अनुक्रमही नीट लावावे लागतात. पट आणि पोरं जुळली नाहीत तर हेडमास्तर ऐकत नाहीत, तसंच.

आता त्या मिशनबद्दल. युद्ध संपलेलं एक गाव, रस्त्यांवर आणि शेतांत पेरलेले सुरुंग, अडकलेली माणसं. खेळणारा सुरुंग काढणारा तज्ज्ञ. हा विषय या गेमला नवा नाही. २०१७ साली कंपनीनं 'लॉज ऑफ वॉर' नावाची पुरवणी काढली. तिच्यात नायक मदतसंस्थेचा सुरुंगतज्ज्ञ आहे, आणि युद्धाचे नियम काय असतात, ते मोडले की गावात राहणाऱ्यांचं काय होतं, हे दाखवलेलं आहे. तिच्या त्या वर्षीच्या निव्वळ उत्पन्नातला अर्धा भाग कंपनीनं आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीला दिला. ती रक्कम पावणेदोन लाख डॉलरच्या वर होती.

सुरुंग म्हटल्यावर मला आठवले ते आमचे अण्णा, माझे सासरे. साताऱ्याजवळच्या गावी राहतात. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीच्या शेवटच्या काळात ते ऑपरेशन पराक्रममध्ये होते. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यानंतर पश्चिम सीमेवर फौजा गेल्या, शेतांत सुरुंग पेरले गेले आणि पुढे ते काढावे लागले. अण्णा त्याबद्दल घरात कधी बोलले नाहीत. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. आजोबा विचारायचे, "जेवलास का? अभ्यास काय म्हणतो?" नातू म्हणायचा, "हो. चांगला." आणि फोन माझ्याकडे यायचा. आपल्यातल्या कितीतरी घरांतले रविवार असेच जातात. दोघांचं एकमेकांवर प्रेम असतं, पण बोलायला समान असं काही हातात नसतं.

एका रविवारी मी त्याला म्हटलं, "हे मिशन बरोबर आहे का, ते अण्णांना विचार."

त्यानं स्क्रीन दाखवली. अण्णांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "हे कोपऱ्यात घड्याळ कसलं?"

मिशनला वीस मिनिटांची मुदत होती. त्यात सुरुंग निघाले नाहीत तर हार.

अण्णा म्हणाले, "आरं, सुरुंग काढणाऱ्याला घड्याळ लावत नसत्यात. घाई केली त्याचं नाव आम्ही पुढं फोटोखाली वाचलंय."

घरात एकदम शांतता झाली. हे वाक्य ह्यांनीसुद्धा, म्हणजे त्यांच्या मुलानं, याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग अण्णांनी दुसरा प्रश्न विचारला. "रेकॉर्ड कुठाय?" नातवाला कळेना. अण्णांनी समजावलं. शिस्तीचं सैन्य सुरुंग पेरतं तेव्हा प्रत्येक क्षेत्राचा नकाशा काढतं. कोणत्या खुणेपासून किती पावलं, किती ओळी, कोणत्या जातीचे, सगळं कागदावर. भोवती तार आणि त्रिकोणी पाट्या. जो पेरतो त्यानं कागद ठेवायचा, कारण काढायला दुसरंच कोणी येतं. आंतरराष्ट्रीय करारानंही ही नोंद बंधनकारक आहे. माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर पूर्ण बंदी घालणारा १९९७ चा ओटावा करार वेगळा. भारतानं त्यावर सही केलेली नाही. पण नोंद ठेवण्याचा नियम भारतानं मान्य केलेला आहे. "कागद हरवला की शेत गेलं," अण्णा म्हणाले. "मग वीत वीत जमीन पोटावर पडून बघावी लागती."

चिरंजीव उठले, नोटपॅड उघडलं आणि पहिली फाइल पडद्यावर आणली. तिच्यात प्रत्येक सुरुंगाची नोंद होती. नोंदीत 'पोझिशन' आणि पुढे कंसात तीन आकडे. पहिला आकडा नकाशाच्या पश्चिम कडेपासून किती मीटर पूर्वेला, तिसरा दक्षिण कडेपासून किती मीटर उत्तरेला, आणि मधला उंचीचा. गेम खेळताना डोळ्यांना फक्त माती दिसते, फायलीत मात्र एकही सुरुंग सुटलेला नाही.

"अण्णा, हे रेकॉर्डच आहे ना?"

"हेच की," अण्णा म्हणाले. "मग हे त्या गड्याला दे. त्याच्याकडं नको का?"

त्या दिवशी आजोबा-नातवाचा फोन एक तास दहा मिनिटं चालला. माझ्याकडे आलाच नाही.

पुढचे पाच-सहा रविवार मिशनची दुरुस्ती चालली. पहिल्यांदा घड्याळ काढलं. 'इनिट' फायलीत 'स्लीप १२००' अशी ओळ होती. बाराशे सेकंद, म्हणजे वीस मिनिटं थांब, आणि तिच्याखाली हार जाहीर करणारी ओळ. दोन्ही ओळी एकदम पुसल्या नाहीत. त्यांच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. तशा रेघा मारल्या की गेम ती ओळ वाचत नाही, पण आपल्याला ती दिसत राहते. चिरंजीवांची तक्रार होती की घड्याळ नसेल तर खेळात मजा काय. अण्णांचं म्हणणं, "गावात माणसं किती अडकल्यात ते सांग. तीच मजा." मग मुदतीऐवजी पडद्यावर बाहेर आलेल्या माणसांची मोजणी आली. नंतर गावातल्या एका घरात नोंदीचा अर्धाच कागद सापडेल अशी व्यवस्था केली. घरात पाऊल टाकलं की नकाशावर निम्म्या सुरुंगांच्या खुणा उमटतात, उरलेले शोधून काढायचे. शेवटी, तार आणि पाट्या. त्या मूळ मिशनमध्ये नव्हत्या. अण्णांनी त्या कुठं हव्यात ते कागदावर काढून फोटो पाठवला.

आणि आवाज. सुरुवातीला एक अधिकारी इंग्रजीत सूचना देतो, त्या जागी अण्णांचा आवाज घातला. त्यांनी फोनवर बोलून पाठवलं, आम्ही तो ऑग प्रकारात बदलून 'साउंड' फोल्डरमध्ये ठेवला आणि 'डिस्क्रिप्शन' फायलीत त्याची नोंद केली. अण्णा म्हणतात, "सावकाश. घर कुठं पळत न्हाई. पाऊल टाकायच्या आधी मागचा गडी कुठाय ते बघ."

मग खरा पेच पडला. तयार मिशन मित्रांना द्यायचं होतं, आणि करणाऱ्याच्या नावाच्या ओळीत चिरंजीवांना स्वतःचं नाव हवं होतं. "एवढं सगळं आम्ही बदललं ना!" त्याचं खोटं नव्हतं. पण गाव दुसऱ्यानं वसवलं होतं, सुरुंग दुसऱ्यानं मांडले होते. वाचण्यासाठी गाठोडं सोडायला कोणाची हरकत नसावी. ते पुन्हा बांधून आपल्या नावानं वाटणं वेगळं. वर्गात एकाची वही दुसऱ्याच्या नावानं आली की मी जे विचारायचे तेच विचारलं: "मूळ वही कोणाची?" दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं मूळ लेखकाला पत्र लिहिलं. काय काय बदललं, का बदललं, आजोबा कोण, सगळं.

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. परवानगी होती. आधी मूळ लेखकाचं नाव, खाली 'दुरुस्ती' म्हणून याचं, एवढीच अट. आणि एक प्रश्न: ते आजोबा काय बोलतात?

म्हणून इंग्रजी अनुवाद करावा लागला. 'स्ट्रिंगटेबल'मध्ये भाषांची यादी आहे. इंग्रजी, चेक, जर्मन, रशियन, जपानी आणि इतर. मराठी नाही. तेव्हा आवाज मराठीत आणि खाली अक्षरं इंग्रजीत असं ठरलं. 'सावकाश' या शब्दावर तो एक संध्याकाळ अडून बसला. हळू म्हटलं तर वेग कमी होतो, पण काळजी येत नाही. जपून म्हटलं तर काळजी येते, पण निवांतपणा जातो. मी काही सुचवलं नाही. त्यानं अण्णांनाच फोन लावला, "अण्णा, सावकाश म्हणजे नक्की काय?" त्यावर अण्णा जे बोलले ते त्या दोघांतच राहिलं. अनुवादात शेवटी तीन शब्द आले आणि ते मला पटले.

दुरुस्तीच्या श्रेयात दुसरं नावही घालायचं त्यानंच ठरवलं. अण्णांच्या नावापुढे 'सुभेदार, निवृत्त' आणि त्याखाली कोअर ऑफ इंजिनिअर्सचं ब्रीद, 'सर्वत्र'.

तुमच्या घरी हे करून बघायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. गेम मुलाच्या वयाला योग्य आहे का ते आधी बघा, आणि शक्य असेल तिथं मिशन रचायला बसवा, खेळणं त्यानंतर. साधनं अधिकृत ठिकाणाहूनच घ्या. मूळ प्रत नेहमी बाजूला ठेवा. काही मिशनं बाहेरच्या जोडण्यांवर अवलंबून असतात. ती जोडणी नसेल तर मिशन उघडत नाही आणि गेम तसं सांगतो, तेव्हा घाबरून सगळं पुसून टाकू नका. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, घरात ज्याला त्या विषयातलं खरं काही ठाऊक आहे त्याला विचारा. शेतीचा गेम असेल तर मामाला, रेल्वेचा असेल तर रेल्वेत नोकरी केलेल्या काकांना, दुकानाचा असेल तर आजीला. त्यांना कॉम्प्युटर येत नसला तरी चालतं. गेममध्ये काय चुकलंय ते त्यांना आपल्या आधी दिसतं.

अण्णा येत्या उन्हाळ्यात इकडे येणार आहेत. पुढच्या मिशनचा विषय त्यांनीच ठरवलाय: पूल बांधणं. नातवानं एव्हाना नद्या असलेला नकाशा शोधायला घेतलाय.

आपणा सर्वांना ही दिवाळी सुखाची जावो. फराळ सावकाश खा!